सैन्याविना राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

२४ सप्टेंबर ही तारीख आपल्या दिनदर्शिकेत ठळक अक्षरांत छापलेली नसते. तरीही या तारखेला जन्मलेल्या दोन पुरुषांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मोठे विलक्षण चित्र दिसते. त्यांपैकी एक युरोपातील बोहेमिया प्रांतात १५८३ साली जन्मला आणि दुसरा दक्षिण भारतात १७७७ साली. पहिला आल्ब्रेख्त फॉन वॉलेनस्टाइन हा सेनापती, तर दुसरे तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले. दोघांनीही बालपणीच पितृछत्र गमावले आणि दोघांनाही कोवळ्या वयात इतरांच्या आश्रयाने वाढावे लागले. साम्य येथेच संपते.

वॉलेनस्टाइनचे आयुष्य सैन्यातून घडले आणि सैन्यापायीच संपले. तीस वर्षांच्या युद्धात सम्राट दुसऱ्या फर्डिनंडजवळ फौज उभी करण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा १६२५ साली वॉलेनस्टाइनने स्वतःच्या हिमतीवर सेना उभारून दिली आणि ज्या मुलखातून ती जाईल त्या मुलखाकडून खंडणी घेऊन ती पोसली. सम्राटाने त्याला सरदारक्या दिल्या, १६३० साली बडतर्फ केले, गरज पडताच पुन्हा बोलावले, आणि त्याच्या निष्ठेविषयी संशय येताच त्याच्याकडे पाठ फिरवली. २५ फेब्रुवारी १६३४ रोजी एगर या गावी त्याच्याच सैन्यातील अधिकाऱ्यांनी त्याचा खून केला. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरने १६०८ साली या माणसाची कुंडली मांडली होती. थोर शास्त्रज्ञालाही कुंडल्या मांडून द्याव्या लागत, ही त्या काळाची गंमत म्हणावयाची! पण त्याच तारखेला जन्मणारा पुढचा एक राजा सैन्य न बाळगता तेहतीस वर्षे गादीवर राहील आणि अंथरुणावर शांतपणे देह ठेवील, हे केप्लरच्याही गणितात बसले नसते.

सरफोजींची कथा सुरू होते ती दत्तकविधानापासून. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी कावेरीकाठी जे राज्य स्थापिले, त्याच्या गादीवर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुळजाजीराजे होते. राज्य सुपीक होते, पण दुबळे झाले होते. १७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या मदतीने ते गिळंकृत केले आणि तीन वर्षांनी कंपनीनेच ते तुळजाजींना परत दिले. आपले राज्य कोणाच्या मर्जीवर चालते, हे त्या राजाला तेव्हाच उमगले असावे. पुढे त्यांची मुले दगावली. प्रकृती खालावल्यावर १७८७ साली त्यांनी भोसले घराण्याच्याच एका शाखेतील नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तो हा सरफोजी.

मुलाचे पालकत्व कोणाकडे द्यावे, असा प्रश्न आला तेव्हा तुळजाजींनी बोलावले ते ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याला. श्वार्ट्झ १७५० पासून या प्रदेशात राहत होता, तमिळ उत्तम बोलत होता, आणि त्याच्या सचोटीवर हैदरअलीसारख्या कडव्या शत्रूचाही विश्वास होता. परक्या धर्माच्या उपदेशकाच्या हाती आपला वारस सोपवावा, असे एका हिंदू राजाला मरणाच्या दारी वाटले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. श्वार्ट्झने मात्र एवढे मोठे ओझे एकट्याने घेण्यास नकार दिला आणि राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांनाच कारभार पाहू द्यावा, असे सुचविले. सल्ला सद्हेतूने दिलेला होता, पण त्याची फळे मुलाला भोगावी लागली.

तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंहांनी दत्तकविधानच अशास्त्र असल्याचा पक्ष मांडला. कंपनीने पंडितांचे मत मागविले, पंडितांनी अमरसिंहांना हवे तसे मत दिले आणि अमरसिंह राजे झाले. दत्तक घेतलेला मुलगा आता वाड्यात नकोसा होता. त्याला जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले आणि त्याच्या शिक्षणाची हेळसांड झाली. वाढत्या वयाच्या मुलाला लिहिण्यावाचण्यापासून दूर ठेवणे हा त्याला राज्यापासून दूर ठेवण्याचाच एक मार्ग होता, आणि अमरसिंहांच्या मंडळींना हे बरोबर कळले होते. श्वार्ट्झने कंपनीकडे तक्रारी केल्या, शिक्षकाची सोय लावली, आणि अखेर १७९३ साली सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह मद्रासला हलविण्यात आले.

मद्रासमधील चार-पाच वर्षांत या मुलाचा कायापालट झाला. श्वार्ट्झ आणि त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली ते इंग्रजी शिकले, गणित व भूगोल शिकले. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि उर्दू या भाषांची साथ होतीच. पुढे जर्मन, फ्रेंच अशा युरोपीय भाषांचाही त्यांनी परिचय करून घेतला. मिशनऱ्यांच्या सहवासात इतकी वर्षे घालवूनही त्यांनी आपला धर्म सोडला नाही आणि श्वार्ट्झविषयीची पित्यासमान भक्तीही सोडली नाही. या दोन गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्या आयुष्यात पुढे वारंवार दिसते.

दरम्यान बंगाल आणि काशीच्या पंडितांकडून नव्याने मते आली. ती दत्तकविधान सशास्त्र ठरविणारी होती. अमरसिंहांना दूर करून २९ जून १७९८ रोजी सरफोजींना गादीवर बसविण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. आपल्या शिष्याचा राज्याभिषेक पाहण्यास श्वार्ट्झ मात्र राहिला नव्हता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत तो तंजावर येथे वारला होता.

गादी मिळाली, पण तिची किंमत द्यावयाची राहिली होती. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि दक्षिणेत कंपनीला धाक वाटावा असे कोणी उरले नाही. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला झालेल्या तहाने तंजावर राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. महसूल, न्याय आणि लष्कर यांपैकी काहीही राजाकडे राहिले नाही. त्यांना वर्षाला एक लाख होनांचे वेतन, निव्वळ महसुलाचा एक पंचमांश भाग आणि तंजावरचा किल्ला एवढे मिळाले. ज्यांच्या पूर्वजांनी तलवारीच्या बळावर कावेरीचे खोरे जिंकले, त्या घराण्यातील राजाच्या हाती आता पहाऱ्यापुरते शिपाई उरले.

या तहाबद्दल सरफोजींना दोष देणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकता येत नाही. कंपनीच्या कृपेने मिळालेल्या गादीवर बसून कंपनीला नकार देणे शक्य नव्हते हे खरे. पण कुळांचे आणि रयतेचे भवितव्य त्या एका कागदाने परक्यांच्या हाती गेले, हेही तितकेच खरे. सरफोजींनी बंड केले नाही. कंपनीशी असलेली मैत्री त्यांनी आयुष्यभर निष्ठेने पाळली. त्यांच्या चरित्रात रणवाद्यांचा आवाज शोधणाऱ्याची निराशाच होईल. मात्र ते शिकारीत वाघावर अचूक गोळी झाडीत आणि घोड्याची पारख करण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनाही भारी पडत. त्यामुळे त्यांच्या स्वस्थ बसण्याला भित्रेपणा म्हणण्याचे धाडस त्यांना ओळखणाऱ्या कोणी केले नाही.

कारभार गेल्यावर वेतन घेऊन दिवस काढणारे राजे त्या काळी पुष्कळ निघाले. नाचरंग, भांडणे आणि दत्तकांचे कज्जे यांतच त्यांची घराणी संपली. सरफोजींनी पहिली लढाई दिली ती अन्नछत्रांसाठी. तंजावरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर भोसले राजांनी आणि राण्यांनी छत्रे बांधली होती. कारभाराबरोबर तीही कंपनीच्या ताब्यात जाण्याची भीती निर्माण झाली. १८०१ साली सरफोजींनी रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहून या छत्रांत काय चालते ते कळविले. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळते, आजारी पडलेल्याला वैद्य व पथ्य मिळते, बाळांना दूध दिले जाते, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची काळजी घेतली जाते. वाटेत आईबाप वारलेल्या मुलांना छत्रातील पंतोजींच्या स्वाधीन करतात, तीन वेळा जेवू घालतात, दर चार दिवसांनी त्यांच्या अंगाला तेल लावतात आणि एखादी विद्या पुरती येईपर्यंत शिकवितात. राज्य देताना ज्याने फारशी खळखळ केली नाही, त्याने पोरक्या मुलांच्या अंगाला लागणाऱ्या तेलासाठी मात्र लेखणी हाती घेतली. छत्रांची व्यवस्था राजाकडेच राहिली. ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने त्यांनी नवे छत्र उभारले. तेथील शाळेत अनेक भाषा शिकविल्या जात आणि मुलांना जेवणही तेथेच मिळे.

स्वतःचे शिक्षण एकेकाळी हेतुपुरस्सर रोखले गेले होते, याची आठवण या राजाच्या मनातून गेली नसावी. त्यांनी काढलेल्या शाळांत वेदपाठशाळांच्या जोडीला मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी यांचे वर्ग असत. पण पुस्तके आणावयाची कोठून? हाताने लिहिलेली पोथी एका विद्यार्थ्याला पुरते, वर्गाला पुरत नाही. म्हणून १८०५ च्या सुमारास त्यांनी वाड्यातच देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. ‘नवविद्याकलानिधी’ हे त्याचे नाव. पुण्यात त्या वेळी दुसरे बाजीराव गादीवर होते आणि महाराष्ट्रात मराठी छापखाने रुजण्यास बराच अवकाश होता. अशा काळात तमिळ मुलखाच्या मध्यभागी, १८०६ साली, सख्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापून निघाल्या. मराठी मुलांसाठी छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत तिची गणना होते. कोल्हा आणि द्राक्षे मराठीत प्रथम छापली गेली ती महाराष्ट्राबाहेर, ही गोष्ट परप्रांतातील मराठी शाळांनी अभिमानाने मिरवावी अशीच आहे.

राजाने स्वतःही लेखन केले. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे मराठी नाटक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कुरवंजी हा तमिळ प्रदेशातील लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी कुरवंजी येते आणि आपल्या मुलखातील डोंगर, नद्या व क्षेत्रे यांचे वर्णन गाऊन सांगते. सरफोजींनी हीच कुरवंजी घेतली आणि तिच्या तोंडून साऱ्या जगाचा भूगोल वदविला. खंडे, देश आणि नगरे गाण्यातून आणि नाचातून रंगभूमीवर आली. तमिळ साचा, मराठी भाषा आणि युरोपातून आलेली माहिती! हे मिश्रण कोणाला चमत्कारिक वाटेल. पण मुलांना भूगोल पाठ व्हावा यासाठी याहून चांगली युक्ती आजही सहजी सुचणार नाही.

वैद्यकाची आवड तर त्यांच्या नसानसांत भिनली होती. वाड्यातील धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय वैद्यक जाणणाऱ्यांना एकत्र बसवून औषधांचे गुण पडताळून पाहिले जात. सिद्ध झालेले उपचार तमिळ पद्यांत गुंफून घेण्यात आले. नेत्ररोगांकडे राजाचे विशेष लक्ष होते. रोग्याची हकीकत, डोळ्याचे रंगीत चित्र, केलेला उपचार आणि गुण आला की नाही, अशी नोंद असलेले कागद तंजावरच्या दप्तरात जपून राहिले आहेत आणि अलीकडे नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. ही टिपणे ठेवण्याची शिस्त राजाला कोणी लावली, हा प्रश्न पडतो. श्वार्ट्झच्या वर्गाचा त्यात वाटा असणारच, पण मराठी दप्तराची बारीकसारीक लिहून ठेवण्याची जुनी सवयही त्यात दिसते.

आणि मग सरस्वती महाल. या ग्रंथालयाचा आरंभ मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांच्या काळातला. पण आज त्याला जे रूप आहे ते सरफोजींमुळे. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली. इतर यात्रेकरू गंगाजलाच्या कावडी घेऊन परततात. या राजाने गंगाजलाबरोबर संस्कृत पोथ्याही आणल्या. जी पोथी विकत मिळेना तिची नक्कल करवून घेतली. युरोपातून हजारो छापील ग्रंथ मागविले आणि त्यांपैकी कित्येकांवर इंग्रजीत स्वतःची सही केली. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा लिनियस, बफाँ आणि लाव्हाझिए यांच्या ग्रंथांचे दाखले सहजपणे देणारा राजा पाहून ते थक्क झाले. संगीताच्या बाबतीतही हीच वृत्ती होती. दरबारात कर्नाटक संगीत होते, भरतनाट्याला आजचे रूप देणारे चार बंधू त्याच काळी उदयाला येत होते आणि शेजारीच पाश्चात्त्य वाद्यांचा वाद्यवृंदही वाजत होता. तिरुवैयारूचे संत त्यागराज याच राज्यात राहत होते. त्यांनी राजाचे निमंत्रण नाकारल्याची आख्यायिका आहे.

सैन्य नसलेल्या या राजाच्या मनात युद्धाची आठवण अगदीच पुसली गेली होती, असे मात्र नाही. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. शहाजीराजे, शिवछत्रपती, व्यंकोजीराजे या सर्वांचा पराक्रम चोळ राजांनी बांधलेल्या मंदिराच्या दगडावर उतरला. एवढा विस्तृत मराठी शिलालेख अन्यत्र नाही. राज्य गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांत तो कोरला गेला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या खटाटोपामागील हुरहूर कळते. उलट दहा-बारा वर्षांनी त्यांनी समुद्रकिनारी ‘मनोरा’ नावाचा अनेक मजली बुरूज बांधला, तो नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ! पूर्वजांच्या लढायांसाठी शिलालेख आणि परक्यांच्या लढाईसाठी मनोरा. त्या माणसाची सारी अवघड अवस्था या दोन बांधकामांत उघडी पडते. त्यातील एकच पाहून सरफोजींचे मूल्यमापन करणारे बहुधा चुकतात.

गुरूचे ऋण त्यांनी दगडातच फेडले. श्वार्ट्झच्या स्मरणार्थ जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण राजा, असे ते दृश्य तंजावरच्या चर्चमध्ये आहे. गुरूच्या थडग्यावरील इंग्रजी कविता शिष्याने स्वतः रचली. ज्या वर्षांत हे शिल्प लंडनमध्ये घडत होते, त्याच वर्षांत तोच राजा देवळांचे उत्सव आणि वेदपाठशाळा मनोभावे चालवीत होता.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराजांचे निधन झाले. पुत्र शिवाजीराजे गादीवर आले आणि १८५५ साली ते पुरुष वारसावाचून वारले. दत्तकासाठी एकदा पंडितांची मते दोनदा मागविणाऱ्या कंपनीने या वेळी कोणाचेच मत मागविले नाही. गादी खालसा झाली. राजघराण्याच्या खाजगी मालमत्तेसाठी राण्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. दरबारातील मराठी कुटुंबे तंजावर, कुंभकोणम सोडून चहूकडे पांगली. त्यांच्यापैकीच एका घराण्यातले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले आणि बाल सयाजीरावांच्या शिक्षणावर त्यांनी देखरेख केली.

सरस्वती महाल १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. तेथे आज चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत आणि त्यांपैकी सुमारे तीन हजार मराठी आहेत. मोडी कागदांचे रुमाल वेगळेच. तेथून थोड्याच अंतरावर बृहदीश्वराचे मंदिर आहे. शाळेच्या सहलीबरोबर तेथे गेलेल्या एखाद्या मुलाने शिखराकडे पाहून झाल्यावर प्राकाराच्या भिंतीजवळ थोडे थांबावे. तमिळ अक्षरांच्या त्या दगडी जगात एकाएकी त्याला आपल्या वर्गातल्या फळ्यावरची अक्षरे दिसू लागतात, आणि बोट ठेवून, अडखळत का होईना, पण ती वाचता येतात.